चांदीचा आवाज

फुटपाथ खणून ठेवलेला होता. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत येत होती, तिला वाट द्यायची म्हणून तो बाजूच्या पायरीवर चढला आणि ती पायरी जुन्या सामानाच्या दुकानाची निघाली. एवढंच निमित्त. रोज कामावरून परतताना तो या दुकानावरून जायचा, पण आत काय आहे ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. जुन्या वस्तू म्हणजे कुणाच्या तरी घरातून काढून टाकलेल्या वस्तू, आणि असल्या वस्तूंकडे बघायचं तो हल्ली टाळत असे. आता काचेला नाक लागेल इतक्या जवळ उभा राहिल्यावर न बघून सांगतो कुणाला. व्यायामाची एक सायकल होती, पाठ फाटलेली एक आरामखुर्ची होती, आणि दोन्हींच्या मध्ये भिंतीला टेकून कुबडीसारखं काहीतरी उभं होतं. कुबडीला खाली वाटोळी चकती कशाला, असं मनात येतंय तोच ते काय आहे हे त्याला कळलं. जमिनीतला धातू शोधायचं यंत्र. म्हणजे असलं यंत्र साध्या माणसालाही विकत मिळतं. म्हणजे इतके महिने आपण हातावर हात ठेवून बसलो होतो ते उगाचच. बाबागाडीवाली बाई केव्हाच निघून गेली होती. तो मात्र खाली उतरायचं सोडून दार ढकलून आत गेला.

दुकानदार म्हातारा होता, बोलायला माणूस मिळाला की सोडायचा नाही अशातला. "नवशिक्यांचं आहे हे," तो म्हणाला. "आधीच्या मालकाने हौसेने घेतलं, चार दिवस फिरवलं, कंबर धरली, आणि आणून टाकलं इथे. यावरचा काटा गेलाय, तो बघा, मेल्यासारखा पडून असतो. पण आवाज शाबूत आहे. आणि खरं सांगू का, हे कानानेच शिकायचं काम. लोखंड असलं तर घोगरं गुरगुरतं. पत्रा, डब्याची झाकणं, असलं काही आलं की मधला आवाज. आणि तांबं, चांदी आली की एकदम बारीक, शिट्टीसारखा. त्या आवाजासाठीच माणसं वेडी होतात."

"कानाचं मला नका सांगू," तो म्हणाला, "माझा धंदाच तो आहे." कितीतरी दिवसांनी आपण कुणाशी तरी थट्टेच्या सुरात बोललो हे त्याच्या लक्षात आलं आणि उगाच संकोच वाटला. त्याने खिशातली किल्ली चकतीवर धरली. यंत्र मांजर डिवचल्यासारखं गुरगुरलं. दुकानदार खूश झाला. "पण एकदम मैदानात जाऊ नका हं," त्याने यंत्राला जुन्या चादरीत गुंडाळता गुंडाळता बजावलं. "आधी घरी मातीत वस्तू पुरा, त्यांच्यावरून फिरवा, आणि प्रत्येकीचा आवाज पाठ करा. नाहीतर खिळे उकरण्यात जन्म जाईल." चादरीतलं ते लांबडं ओझं काखेत घेऊन तो बसमध्ये चढला, तेव्हा लोक बाजूला सरकले. यात काय असेल असं त्यांना वाटलं असेल कोण जाणे. त्याच्या स्वतःच्या मनात मात्र एकच गोष्ट होती, आणि ती मुठीएवढीसुद्धा नव्हती, बोटाच्या टोकाएवढी होती.

चांदीचं अंगुस्तान. बायको घरी बसून कपड्यांची दुरुस्ती करायची; कुणाची विजार आखूड कर, कुणाच्या कोटाचं अस्तर बदल, उसवलेलं शिव. शिवताना मधल्या बोटावर लोखंडी अंगुस्तान असायचं, घासून घासून चाळण झालेलं. मुलगी नोकरीला लागली तेव्हा पहिल्या पगारातून तिने आईला चांदीचं आणून दिलं. "चांदी मऊ असते गं, सुई आरपार जाईल," असं बायको म्हणाली होती, आणि मुलगी म्हणाली होती, "मग जपून टोच." तिला ते चिंगी म्हणायचे. मोठी झाली, ऑफिसात जाऊ लागली, तरी घरात चिंगीच. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि चिंगी गेली. साध्या तापाने माणूस जात नाही, असं तो हॉस्पिटलात काम करणारा माणूस तेव्हा सगळ्यांना सांगत फिरला होता. त्यानंतर बायको दुपारचं शिवण घेऊन वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत जाऊन बसायला लागली. घरात अंधार वाटतो म्हणायची. तिथे एक बाक होता, ऊन होतं, आणि कुणी ओळखीचं नव्हतं. तिथेच कुठेतरी गवतात अंगुस्तान पडलं. तिने स्वतः शोधलं, त्याने शोधलं, शेजारच्या घरातली माणसंसुद्धा वाकून वाकून शोधून गेली. ते सापडलं नाही, आणि त्या सुमारापासून बायको बोलायची थांबली.

म्हणजे अगदी मुकी झाली असं नव्हे. जेवायला या, पाणी गेलंय, लाईटवाला येऊन गेला, एवढं समोर येऊन सांगायची. पण बोलणं म्हणतात ते संपलं. तिचं मशीन खिडकीशी होतं, उजेडाकडे तोंड आणि खोलीकडे पाठ. संध्याकाळी कामावरून आला की तो मागच्या खुर्चीत बसायचा, आणि समोर तिची पाठ, मानेवरचा अंबाडा आणि मशीनची खडखड. पूर्वी याच खडखडीवर आवाज चढवून ती दिवसभराचं सगळं सांगायची, गिऱ्हाइकांच्या नकला करायची, आणि मशीन थांबलं तरी तिचा आवाज चढलेलाच राहायचा, मग चिंगी ओरडायची, "आई, आम्ही बहिरे नाही!" आता मशीन थांबलं की नुसती शांतता. कधी कधी तिचे खांदे हलताना दिसायचे. रडते आहे की दोरा ओढते आहे, हे मागून समजायचं नाही आणि पुढे जाऊन बघायचा धीर व्हायचा नाही. तोंडात टाचण्या धरायची सवय असल्यामुळे कधी ती काहीतरी गुणगुणल्यासारखंही वाटायचं. टाके मोजत असेल, असं समजून तो गप्प राहायचा. त्या शांततेचा मान ठेवावा म्हणून त्याने रेडिओ लावायचा सोडला. खुर्चीतून उठायचा नाही, पेपर चाळायचा नाही. तिच्या दुःखाजवळ निदान बसून तरी राहावं, याहून जास्त त्याला काही सुचत नव्हतं. आपल्याला तिचा राग येतो, हेही त्याने स्वतःशी कबूल केलं होतं. मुलगी आपलीही होती. दोघांनी मिळून रडायचं तर हिने तोंडच शिवून घेतलं. अंगुस्तान मिळालं तर ही टाके उसवेल, असं काहीतरी वेडगळ त्याच्या डोक्यात बसलं होतं आणि तिथून ते हलायला तयार नव्हतं.

त्याचा दिवस मात्र आवाजातच जायचा. हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात, व्हरांड्याच्या टोकाला, जाड भिंतींचा एक बूथ होता. आत पेशंटला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं, आणि बाहेर बसून काचेतून त्याच्याकडे बघत एकेक सूर सोडायचा. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि प्रत्येक सूर हळू हळू करत ऐकू येईनासा होईपर्यंत. ऐकू आलं की पेशंट बटण दाबतो. एवढंच काम, पण ते करता करता केस पिकले. सगळे त्याला कानसाहेब म्हणायचे. काचेतून बघून बघून त्याला पेशंटांचे ओठ वाचता यायला लागले होते. आत कुणी पुटपुटलं, "केव्हा संपणार हे", तर बाहेर बसून तो म्हणायचा, "झालंच हो," आणि पेशंट दचकायचा. ऐकणाऱ्या माणसाचा चेहराही त्याला पाठ होता. डोळे उघडे असतात पण बघत कुठेच नाहीत, मान किंचित कलते, आणि माणूस श्वास घ्यायचा विसरतो. त्या क्षणी सगळे सारखेच दिसतात, मॅनेजर काय आणि हमाल काय. त्याला ते चेहरे आवडायचे. चिंगी लहान असताना शाळेला सुट्टी पडली की कधी कधी त्याच्याबरोबर यायची आणि बूथमध्ये बसून सूर नसतानाच बटण दाबायची. दाबते आणि हसते, दाबते आणि हसते. हे आठवलं की तो काचेकडे पाठ करून कागद लावत बसायचा.

सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी यंत्र धड आहे ना हे बघायला हेडफोन स्वतःच्या कानाला लावायचे, असा नियम होता. तो ते काम दुसऱ्या कुणाला देत नसे. डायल त्याच्याच हातात, बटणही त्याच्याच हातात. एक सूर, दुसरा सूर, तिसरा, जिना उतरताना पायऱ्या न बघता पाय पडतात तसे सगळे सूर ओळीने कानात येऊन जायचे. मध्यंतरी बारीक सूर जरा दुबळे वाटायला लागले होते. त्याने तक्रार केली, मेकॅनिक आला, उघडून बघितलं आणि म्हणाला, काही बिघाड नाही. तो मेकॅनिक आळशी म्हणून प्रसिद्धच होता. त्याच्या मागे लागून लागून शेवटी नवे हेडफोन मागवले आणि मग बरं वाटलं. विभागाच्या डॉक्टरीणबाई एकदा हसत म्हणाल्या होत्या, "कानसाहेब, एकदा तुम्हीच बसा ना आत, मी सोडते सूर." तोही हसला होता. हलवायाला कुणी लाडू खायला घालतं का, असं काहीतरी तो म्हणाला होता.

बाल्कनीत एक लांबट लाकडी पेटी होती, चिंगीने त्यात फुलझाडं लावली होती आणि ती वाळून नुसती माती उरली होती. रविवारी सकाळी त्याने तिच्यात एका टोकाला खिळा पुरला, मध्ये डब्याचं झाकण, आणि दुसऱ्या टोकाला घरातला एकुलता एक चांदीचा चमचा. मग यंत्राचा दांडा आपल्या उंचीला बसेल असा ओढून घेतला, कोपराखालचा पट्टा आवळला, बॅटऱ्या घातल्या आणि चकती मातीपासून बोटभर उंच धरून हळूहळू डावीकडून उजवीकडे नेली. खिळा गुरगुरला. झाकण बोललं. आणि चमच्यापाशी काहीच नाही. त्याने गोल बटण फिरवून यंत्राला आणखी जागं केलं, पुन्हा फिरवलं. जुनं यंत्र, त्यात बॅटऱ्या नव्या असल्या तरी तारा जुन्या. चांदीचा आवाज बारीक असणार हे दुकानदाराने सांगितलंच होतं. त्याने डोळे मिटले. तिसऱ्या की चौथ्या वेळी, चमचा जिथे पुरला होता नेमका तिथे आल्यावर, तो त्याला ऐकू आला. फार दुरून आल्यासारखा, सुतासारखा एक आवाज. पुन्हा फिरवलं, पुन्हा आला. आता चमच्याच्या जागेवर आलं की न चुकता येत होता. त्याला इतका आनंद झाला की त्याने आत वळून बघितलं. ती मशीनशी बसली होती. त्याने बोलावलं असतं तर आली असती कदाचित, पण सापडेपर्यंत काही सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. नाहीतर पुन्हा आशा, पुन्हा निराशा, आणि सहन करायची तिने.

ती मोकळी जागा म्हणजे कधीकाळी तिथे असलेल्या कारखान्याची जमीन होती. इमारत पाडून नेली तरी जमिनीने तिचं सगळं सामान पोटात ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी यंत्राने असा काही आकांत केला की त्याला ते बंद करावं लागलं. पावलापावलाला गुर्र, गुर्र. त्याने यंत्राची धार कमी केली, बाकाच्या पायापासून सुरुवात केली, आणि लादी पुसताना पुसतात तसं, आधीच्या पट्ट्यावर थोडं चढत, थोडं मागे सरत, जमीन पालथी घालायला लागला. घाई केली की चकती नकळत वर उचलली जाते आणि खालचं काही कळत नाही, हे त्याला दोन रविवारांत कळलं. खुरपं कुठे घालायचं, माती कुठे टाकायची, खड्डा पुन्हा कसा बुजवायचा, हेही कळलं. खिळे निघाले, बिजागरी निघाली, नळाची तोटी निघाली, एका चाकाची अर्धी कड निघाली. मधल्या आवाजावर बाटल्यांची बुचं आणि चुरगळलेले कागदासारखे पत्रे. बारीक आवाज मात्र एकदाही आला नाही. जागेचा रखवालदार काठी टेकत यायचा आणि लांबून ओरडायचा, "काय कानसाहेब, हंडा लागला का? आम्हाला विसरू नका!" या माणसाला आपलं टोपणनाव कुणी सांगितलं कोण जाणे. तो हात करायचा आणि पुन्हा खाली बघायचा. खाली बघून चालताना आपला चेहरा बूथमधल्या पेशंटांसारखा होत असणार, असं एकदा त्याच्या मनात आलं. डोळे उघडे आणि बघत कुठेच नाहीत. आपण कशाची वाट बघतोय हे एवढं निश्चित माहीत असणं, हे सुद्धा एक सुखच होतं. सापडलेलं भंगार तो धुऊन घरी न्यायचा. बायको समोर येऊन म्हणायची, "हे काय नवीन?" आणि तो म्हणायचा, "छंद." ती मान हलवून पुन्हा खिडकीकडे जायची. आपला माणूस रिकाम्या जागेत बाकाभोवती घिरट्या घालतो हे तिला कळल्याशिवाय राहिलं नसणार. पण ती विचारत नव्हती, आणि तो सांगत नव्हता.

अशाच एका आठवड्यात एक निवृत्त मास्तर तपासणीला आले. बरोबर त्यांची बायको होती, छोटीशी, नीटनेटकी, आणि अगदी टेकीला आलेली. "मला काही झालेलं नाही," मास्तर बसायच्या आधीच म्हणाले. "मला व्यवस्थित ऐकू येतं. हीच पुटपुटते. तोंडातल्या तोंडात बोलायचं आणि मग मी ऐकत नाही म्हणून रडायचं." असं म्हणणारी माणसं त्याने इतकी पाहिली होती की पुढचं वाक्य तो त्यांच्या आधी म्हणू शकला असता. त्याने मास्तरांना आत बसवलं, आणि जाड सुरांना तत्परतेने बटण दाबणारे मास्तर बारीक सुरांवर कसे शांत, प्रसन्न चेहऱ्याने नुसते बसून राहिले ते पाहिलं. त्या प्रसन्नपणाची त्याला नेहमी भीती वाटायची. जे ऐकू येत नाही ते येत नाही हे माणसाला कळतच नाही. अंधार दिसतो, ऐकू न येणं दिसत नाही. त्याने मास्तरांच्या बायकोला हलक्या आवाजात समजावलं, "यांच्याशी समोर बसून बोला, चेहरा दिसू द्या. पाठमोरं बोललेलं यांना लागणार नाही." ती म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होतं, हे मला टाळतात." आणि पदराने डोळे पुसले. त्यालाही गलबलून आलं. घरी जाताना बसमध्ये मात्र त्याला मास्तरांचा हेवा वाटत होता. त्यांची बायको निदान पुटपुटते तरी.

पुढच्या रविवारी तो जागेवर जाऊन यंत्राचा पट्टा आवळतोय तोच मागून खांद्यावर हात पडला. तो केवढा दचकला. बायको होती. शिवणाची पिशवी नव्हती, चपला घरातल्याच होत्या. "केव्हाची हाका मारतेय," ती म्हणाली. "वारा किती आहे," तो म्हणाला. वारा फारसा नव्हता. तिने यंत्राकडे पाहिलं, बाकाभोवती बुजवलेल्या खड्ड्यांच्या ताज्या मातीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम लहान झाला. "अंगुस्तान शोधताय ना," ती म्हणाली. "रखवालदाराने सांगितलं. तो म्हणाला, तुमचे साहेब बाकाला प्रदक्षिणा घालतात." त्याला चोरी पकडल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं. "तू तिथे बस," तो म्हणाला, "नाहीतर माझ्याबरोबर चल." ती बाकावर बसली नाही. त्याच्या मागून, एका पावलाचं अंतर ठेवून चालायला लागली. चकती डावीकडे, चकती उजवीकडे. तिची सावली त्याच्या बुटांपाशी येत होती, जात होती. लग्नानंतर नव्याने फिरायला जायचो तेव्हा ही अशीच मागे राहायची, आणि आपण थांबलो की थांबायची, हे त्याला आठवलं. आज सापडू दे, असं तो मनातल्या मनात म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात तिने त्याची बाही ओढली. "अहो, पुढे काय चाललात. वाजलं ना."

"कुठे?"

"हे काय, इथेच. फिरवा परत."

त्याने चकती मागे आणली. काही नव्हतं. गवत हललं तेवढंच. "हे बघा, हे," ती म्हणाली, "आत्ता. आणि आत्ता." तिचं बोट त्या त्या वेळी वर होत होतं. त्याने चकती आणखी सावकाश नेली, आणली, आणि प्रत्येक वेळी एकाच जागी तिचं बोट वर झालं. बटण दाबणाऱ्या बोटांकडे बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला त्या बोटाबद्दल शंका घेणं शक्य नव्हतं. "कसा आहे आवाज?" त्याने विचारलं. आपला आवाज शांत आहे हे ऐकून त्याला नवल वाटलं. "बारीक," ती म्हणाली. "कान किटतील इतका. मघाशी झाडाजवळही वाजला होता, पण तुम्ही थांबला नाहीत. मी म्हटलं, तुम्हाला त्यातलं कळतं."

तो गुडघ्यांवर बसला आणि खुरपं चालवायला लागला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर एक आलेख आला होता, त्याने हजारांनी काढला असेल तसा, डावीकडे सपाट आणि उजवीकडे एकदम खाली घसरलेला, फक्त वर नाव त्याचं होतं. सकाळचे सूर त्याने ऐकले नव्हते. डायल स्वतः फिरवत होता म्हणून ते यायचे. चमच्याचा आवाज आला तो चमचा आपल्याच हाताने पुरला होता म्हणून. लोकांचं बोलणं तो त्यांच्या तोंडावरून उचलत होता. आणि खिडकीकडे तोंड करून, पाठमोरी बसलेली ही... मातीतून एक गोल वस्तू वर आली. तिने ती वाकून उचलली, अंगठ्याने पुसली. "बटण आहे," ती म्हणाली. "पितळेचं. कोटाचं असणार, चांगल्या शिंप्याच्या हातचं." आणि मग, त्याचा चेहरा पडलेला बघून, "असू दे हो. नाही मिळालं तर नाही."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच जाणूनबुजून बघत होता. "तू," तो म्हणाला, "संध्याकाळी मशीनवर बसलेली असतेस तेव्हा..." पुढे कसं विचारायचं ते त्याला सुचेना. पण तिला वाटलं, तो विचारत नाहीये, आपण सगळं ऐकतो हे कबूल करतोय. "हो," ती म्हणाली. "मलाही तेच बोलायचं होतं तुमच्याशी कितीतरी दिवस. म्हणूनच आले." ती त्याच्याकडे सरळ बघत होती, जे ती हल्ली करत नसे. "रोज संध्याकाळी मी तिचं तेच तेच बोलत असते. लहानपणचं, हॉस्पिटलातलं, त्या शेवटच्या रात्रीचं. ताई म्हणाली, पुरे कर आता, किती उगाळशील. शेजारीण तर विषयच बदलते. तुम्ही एकदाही मध्ये बोलला नाहीत. समजावलं नाहीत, थांब म्हणाला नाहीत. रेडिओसुद्धा लावत नाही. नुसते बसून सगळं ऐकून घेता. मी तुमच्याबद्दल काय काय बोलले असेन, डॉक्टरांना उशिरा बोलावलंत म्हणूनसुद्धा बोलले, तेही ऐकून घेतलंत." तिचे डोळे भरले. "तुमच्या तोंडाकडे बघून मला हे बोलता आलं नसतं. पाठीमागे तुम्ही बसलेले आहात एवढ्यावर मी निभावलं. नाहीतर मी राहिले नसते हो."

खुरपं त्याच्या हातात होतं. मला ऐकू येत नाही, हे चार साधे शब्द होते. ते तो रोज दुसऱ्यांच्या वतीने त्यांच्या बायकांना, मुलांना सांगत होता, आणि वर धीर देत होता. लपवण्यासारखं त्यात काय आहे, असं तर तो दर पेशंटला म्हणायचा. उद्या तो स्वतः बूथमध्ये बसू शकत होता, परवा कानात यंत्र घालू शकत होता, आणि त्यानंतरच्या संध्याकाळी तिचा शब्द न् शब्द ऐकू शकत होता. पण यंत्र तिला दिसणार. दिसलं की ती विचारणार, केव्हापासून. आणि उत्तर कळलं की त्या सगळ्या संध्याकाळी एकेक करून तिच्या हातून जाणार, प्रत्येक संध्याकाळ मागे एक रिकामी खुर्ची ठेवून. चिंगीचं जे काही तिने बोलून बोलून जिवंत ठेवलं होतं, ते ती भिंतीला सांगत होती असं होणार. आणि त्याचं स्वतःचं काय. डॉक्टरांना उशिरा बोलावलं असं ती म्हणाली होती, कधी, किती वेळा, आणि मग तिने क्षमा केली होती की नव्हती, हे सगळं त्याच्या अपरोक्ष बोललं गेलं असतं तर निराळं, त्याच्या देखत बोललं गेलं होतं आणि तो प्रसन्न चेहऱ्याने बसून राहिला होता. मुलीबद्दल तिच्या आईने सांगितलेलं सगळं, त्याला माहीत नसलेलं किती असेल, ते हवेत विरून गेलं होतं. त्याला मुलगी पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं. तो म्हणाला, "अगं..." आणि थांबला.

तिने मान हलवली, काही बोलू नका अशी. मग ती त्याच्या शेजारी खाली बसली, पण तोंड दुसरीकडे करून, तो खड्डा हाताने बुजवायला लागली, आणि बोलायला लागली. ती बोलते आहे हे आता त्याला कळत होतं. तिची मान किंचित हलत होती, मानेवरचे पांढरे केस हलत होते. कानावर येत होती ती एक दबकी, वरखाली होणारी गुणगुण, जी त्याने इतके महिने टाके मोजणं समजून सोडून दिली होती. त्याने जीव कानांत गोळा केला. शब्दांच्या कडा कुठेच नव्हत्या, सगळं एकमेकांत मिसळलेलं. मध्येच एक लांबलेली ई आली, ती चिंगीतली असेल. मध्येच ती हसली असावी, खांद्यांवरून तसं वाटलं. पुढे होऊन तिचं तोंड बघावं तर ती गप्प होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो हललाही नाही. मातीवरून तिचे हात सावकाश फिरत होते, पुन्हा पुन्हा, खड्डा बुजल्यावरही. मग तिचा आवाज शेवटाला जरा वर गेला आणि थांबला. हातही थांबले. ती वाट बघत होती. पाठमोऱ्या माणसाचं वाट बघणं कसं दिसतं हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. तिने काहीतरी विचारलं होतं.

"हो," तो म्हणाला. "चालेल."

तिचे खांदे खाली आले. ती वळली, आणि तिचा चेहरा ओला आणि इतका मोकळा होता की त्याला तो बघवेना, पण ओठांसाठी बघावाच लागला. "खरंच?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्ही नाही म्हणाल. तिच्या बाबतीत इतकं मोठं... पण मला वाटलंच होतं, तुम्ही एवढं ऐकलंय तर तुम्हाला कळेल." ती उठली, गुडघ्यांवरची माती झटकली आणि म्हणाली, "चला, मग आजच करू या," आणि घराकडे चालायला लागली, मागे न बघता, भराभर, तरण्या बाईसारखी. त्याने यंत्र बंद केलं, पट्टा सोडला आणि तिच्या मागे निघाला. कशाला हो म्हटलं, हे आता तिला विचारायची सोय उरली नव्हती.